तारेत शिरलेला आवाज कुणाचा?

आमच्या गावच्या उरसात माईक लावायचं काम अब्बांकडे असायचं. सातारा जिल्ह्यातलं लहानसं गाव. दर्ग्यासमोर मांडव, दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि लोखंडी स्टँडवरचा माईक, एवढाच त्यांचा सरंजाम. संदलच्या रात्री कव्वाल यायचे, तेव्हा हार्मोनियमपुढं आणखी एक माईक लागायचा आणि अब्बा पहाटेपर्यंत अँप्लिफायरच्या बटणावर हात ठेवून बसायचे. कर्ण्यानं शिट्टी मारली की आधी बटण मागं, मग माईक लांब. मी शेजारी बसून तारा गुंडाळायचो. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की माईकमधून निघणारा आवाज फार अशक्त असतो. त्याला आधी ताकद द्यायची, मगच पुढं पाठवायचं.

चाळीस वर्षांनी हे ज्ञान माझ्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. गेल्या ईदनंतर मी पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि त्याला मॉड्युलर सिंथेसायझरचा नाद लागला आहे. पगारातले बरेच पैसे तो त्या पेटीत घालतो, अशी बहिणीची तक्रार. मी खोलीत गेलो तेव्हा तो एका जुन्या कॅसेट प्लेअरची वायर हातात घेऊन बसला होता.

"मामू, बाहेरचा आवाज आत घेतोय, पण पेटीला काही कळतच नाही. बघता का जरा?"

कॅसेट मी ओळखली. बहिणीच्या हळदीच्या रात्री अब्बांनी भरून ठेवलेली. अम्मी ढोलक घेऊन गातेय, मागं खाला आणि शेजारच्या बायका साथ देताहेत. अम्मीचा एवढाच आवाज आता आमच्याकडे उरला आहे.

या लेखाची सुरुवात त्या खोलीत झाली. पुढं मी या विषयावर बरंच वाचलं आणि ऐकलं. यंत्राच्या माहितीपासून सुरू झालेला शोध मला कैरोला, एका फतव्याकडे, अहमदाबादला आणि शेवटी मिरजेला खालाच्या घरी घेऊन गेला. तो जसा झाला तसाच सांगतो.

आधी ती पेटी काय असते ते सांगायला हवं. आपण लग्नाच्या बँडमध्ये बघतो त्या कीबोर्डमध्ये सगळं आतून जोडलेलं असतं. पट्टी दाबली की सूर येतो. मॉड्युलरमध्ये तसं नसतं. एका चौकटीत अनेक छोटी यंत्रं शेजारी शेजारी बसवलेली असतात. एक सूर निर्माण करतं, त्याला ऑसिलेटर म्हणतात. एक त्या सुरातला काही भाग गाळून टाकतं, तो फिल्टर. एक आवाज लहानमोठा करतं. त्यांच्यात आधीपासून नातं नसतं. रंगीत केबली टोचून ते आपण जुळवायचं. 1960 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या दोन टोकांना दोन माणसांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीनं, आणि सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला यांनी मॉर्टन सुबोटनिक आणि रमोन सेंडर यांच्यासाठी. दोघांच्या कामाचा गाभा एकच होता. एका यंत्रातून निघणारा विजेचा दाब दुसऱ्या यंत्राचं बटण फिरवू शकतो. हातानं फिरवायची गोष्ट विजेनं फिरवायची.

आता यात बाहेरचा आवाज घालायचा तर पहिली अडचण अब्बांच्या माईकचीच. माईकमधून येतो तो व्होल्टचा काही हजारावा भाग. कॅसेट प्लेअरमधून येतो तो जेमतेम एखादा व्होल्ट. आणि भाच्याकडच्या पेटीत, जिला युरोरॅक म्हणतात, आवाज साधारण उणे पाच ते अधिक पाच व्होल्टमध्ये खेळतो. दांडग्यांच्या बैठकीत एखादा आजारी माणूस कुजबुजावा, तशी कॅसेटची गत होते. मधे प्रीअँप हवा. भाच्याकडे तसं मॉड्युल होतं, पण त्याचं बटण त्यानं भीतीपोटी खाली ठेवलं होतं. मी ते हळूहळू वर नेलं. आवाज फाटायला लागला तिथून किंचित मागं आणलं. लगेच अम्मीचा आवाज खोलीत भरला.

इथून पुढं दोन वाटा फुटतात आणि या लेखातलं सगळं त्या फाट्यावर अवलंबून आहे.

पहिली वाट म्हणजे आवाज स्वतःच आत जातो. तो फिल्टरमधून जातो, त्याच्यावर दुसऱ्या सुराचं कलम होतं, तो लांबतो, घुमतो. बदलतो, पण बाहेर येतो तो तोच.

दुसरी वाट वेगळी आहे. आवाज एन्व्हलप फॉलोअर नावाच्या यंत्रात जातो. विजेतल्या आवाजाची लाट शून्याच्या वर-खाली हलत असते. हे यंत्र खालची बाजू उलटून वर आणतं आणि मग सगळ्या खाचाखोचा गुळगुळीत करून टाकतं. उरतो तो फक्त चढउतार. केव्हा जोर आला, केव्हा ओसरला, एवढंच. शब्द जातात, सूर जातो, कोण गातंय तेही जातं. तो चढउतार विजेच्या दाबाच्या रूपानं निघतो आणि दुसऱ्याच कुठल्या तरी सुराला हलवतो. आवाजानं ठरावीक पातळी ओलांडली की खटका मारणारंही यंत्र असतं. डफावर थाप पडली की खटका, खटक्यासरशी पेटीतला सूर वाजणार. इथं बाहेरचा आवाज ऐकू येत नाही, पण हुकूम त्याचा चालतो.

भाच्यानं आधी पहिली वाट धरली. केबल फिल्टरमध्ये टोचली आणि बटण फिरवत गेला. अम्मीच्या आवाजातला खर्जाचा भाग गळत गेला. वरचा पातळ, शिट्टीसारखा अंश तेवढा राहिला. मग त्याला घुमारा जोडला. ऐकायला विलक्षण होतं, हे मी नाकारणार नाही. पण दारात उभी असलेली बहीण म्हणाली, "बंद कर ते. ती अम्मी नाही राहिली." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

भाचा कावराबावरा झाला. त्यानं काही वाईट केलं नव्हतं. पण बहिणीचंही चुकलं होतं असं मला म्हणता येईना.

याच गोष्टीची पहिली मोठी नोंद मला सापडली ती 1944 सालच्या कैरोत. हलीम अल-दाब हा तेव्हा तेवीस वर्षांचा तरुण. कैरोच्या सकाकिनी भागातलं कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंब. शिक्षण शेतीविषयक अभियांत्रिकीचं, ओढा संगीताकडे. तेव्हा टेप रेकॉर्डर सर्रास मिळत नव्हते. केसासारख्या बारीक पोलादी तारेवर आवाज भरणारं वायर रेकॉर्डर नावाचं जड यंत्र असायचं. ते त्यानं एका रेडिओ केंद्राकडून उसनं मिळवलं आणि तो झारच्या बैठकीत गेला.

झार म्हणजे काय हे आपल्या वाचकांना फार समजवावं लागणार नाही. आपल्याकडे अंगात येतं, दर्ग्यावर हाजरी भरते, तशातलाच तो इजिप्त, सुदान आणि इथिओपियाकडचा प्रकार. बायका जमतात, डफ आणि ढोल वाजतात, गाणं चढत जातं आणि जिला पछाडलं आहे असं मानतात ती घुमू लागते. मौलवींना तो कधीच पसंत नव्हता. पण घरात तोंड उघडायची सोय नसलेल्या कितीतरी बायकांना तेवढीच मोकळं होण्याची जागा होती. अल-दाब यांनी पुढं एका मुलाखतीत सांगितलं की तिथं पुरुषांना मज्जाव होता, म्हणून ते बायकांसारखं डोकं झाकून आत शिरले.

ती भरलेली तार घेऊन ते रेडिओच्या स्टुडिओत बसले. तिथं प्रतिध्वनीसाठी खोल्या होत्या, एका खोलीच्या भिंती हलवता यायच्या. आवाज त्या खोलीत सोडायचा, घुमलेला पुन्हा भरायचा, त्यातला काही भाग गाळायचा, परत सोडायचा. त्यांनी गाण्यातले मूळ सूर काढून टाकत नेले आणि वरचे सूक्ष्म स्वरांश तेवढे ठेवले. शेवटी बायकांचे आवाज ओळखू येईनासे झाले. उरली ती एक थरथरणारी, लांबून आल्यासारखी लहर. ही रचना त्यांनी त्याच वर्षी कैरोत लोकांना ऐकवली. तिचा दोनेक मिनिटांचा तुकडा आज 'वायर रेकॉर्डर पीस' या नावानं ऐकायला मिळतो. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाड्यांच्या आवाजांवरची आपली प्रसिद्ध रचना केली ती 1948 ची. पाठ्यपुस्तकं बहुधा तिथून सुरू होतात. कैरोची तार त्याआधी चार वर्षांची आहे.

मी तो तुकडा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. कारण भाच्याच्या फिल्टरमधून अम्मीचं जे झालं होतं, तेच त्या बायकांचं झालं होतं. अल-दाब यांचं म्हणणं असं की आवाजाच्या आत आणखी एक आवाज दडलेला असतो आणि मूर्तिकार दगड छिलतो तसं त्याला बाहेर काढावं लागतं. त्यांनी काढलेला तो आतला आवाज खरोखर सुंदर आहे. पण तो दगड म्हणजे माणसं होती. त्या बायकांपैकी एकीचंही नाव मला कुठं वाचायला मिळालं नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे असा विषय निघाला की 'बघा, हे आधी आपणच केलं' म्हणायचा मोह होतो. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपोआप वाजणाऱ्या बासरीचं यंत्र लिहून ठेवलं, हे खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण अल-दाब मुसलमान नव्हते आणि झार करणाऱ्या बायकांना आपल्याच लोकांनी धर्माबाहेर ढकललं होतं. 'आपलं' म्हणण्याआधी हे दोन्ही आठवावं.

अल-दाब 1950 मध्ये अमेरिकेला गेले आणि 1959 पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात काम करू लागले. तिथल्या बऱ्याच संगीतकारांना यंत्रानं जन्माला घातलेला शुद्ध सूर आणि गणिती शिस्त प्रिय होती. अल-दाब मात्र बोलणं, गाणं, वाद्यं असं सगळं बाहेरून आणून त्यात कालवत राहिले. त्यांची 'लैला अँड द पोएट' ही 1959 ची रचना आपल्या ओळखीच्या लैला-मजनूच्या कथेवरची आहे. 1964 मध्ये केंद्राच्या रचनांची तबकडी निघाली, तीत ती होती. त्याच केंद्राचे व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी 1965 मध्ये मूग यांच्याकडून जी यंत्रं करवून घेतली, त्यांत एन्व्हलप फॉलोअरही होते. म्हणजे मॉड्युलर नुकतं रांगू लागलं होतं, तेव्हाच बाहेरच्या आवाजासाठी त्याला दार ठेवलं गेलं.

ही दुसरी वाट, आवाज टाकून त्याचं माप तेवढं घेण्याची, खरं तर संगीताच्या बाहेर जन्मली होती. बेल प्रयोगशाळेतले होमर डडली यांनी 1930 च्या दशकात व्होकोडर आकाराला आणला. माणसाचा आवाज खर्जापासून तारापर्यंत पट्ट्यांत विभागायचा, प्रत्येक पट्टीत किती जोर आहे ते मोजायचं आणि ती मापंच फक्त टेलिफोनच्या तारेवर पाठवायची. पलीकडच्या टोकाला त्या मापांवरून आवाज नव्यानं उभा करायचा. दुसऱ्या महायुद्धात 1943 पासून लंडन आणि वॉशिंग्टनमधली अत्यंत गुप्त संभाषणं याच तत्त्वावरच्या यंत्रणेनं चालली. विचार करा, बोलणाऱ्याचा आवाज समुद्र ओलांडून गेलाच नाही. गेलं ते त्याचं मोजमाप. तरी ऐकणाऱ्यानं त्याला बोलणाऱ्याचा आवाज मानलं आणि त्यावर सैन्यं हलली. पुढं वेंडी कार्लोस यांनी 1971 च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या चित्रपटासाठी रेचेल एल्काइंड यांचा आवाज व्होकोडरमधून सिंथेसायझरच्या सुरांवर चढवला आणि पेटी बीथोव्हेन गाऊ लागली.

आता मी जरा आपल्या अंगणात येतो, कारण नेमका हाच प्रश्न त्याच काळात आपल्याकडे अत्यंत गांभीर्यानं चर्चिला जात होता. जागा होती मशीद.

लाउडस्पीकर आला तेव्हा उलेमांपुढं पेच पडला. तकरीर आणि खुतब्यासाठी तो लावायला फारशी अडचण नव्हती. अडचण नमाजची होती. मागच्या रांगांतला माणूस इमामाच्या तकबीरवर रुकू आणि सजद्यात जातो. ती तकबीर कर्ण्यातून आली, तर तो इमामाच्या मागं नमाज पढतोय की एका यंत्राच्या मागं? कर्ण्यातून येतो तो इमामाचाच आवाज मोठा होऊन आलेला, की त्याची नक्कल, डोंगरावरून परत आलेल्या हाकेसारखा पडसाद? पडसादाच्या मागं नमाज कशी होणार? आधी बऱ्याच मोठ्या उलेमांनी नकार दिला. देवबंदचे आणि पुढं कराचीला गेलेले मुफ्ती मुहम्मद शफी यांचंही मत आधी विरोधाचंच होतं. नंतर त्यांनी विज्ञानाच्या जाणकारांकडे विचारणा केली, आवाज तारेतून नेमका कसा जातो ते समजून घेतलं आणि आपलं मत बदलून नमाज होते असं लिहिलं. आज मक्का-मदिनेतही लाउडस्पीकर आहेत. तरी आपल्याकडच्या काही मशिदींत अजून नमाजला माईक लावत नाहीत. रांगांमधला मुकब्बिर मोठ्यानं तकबीर पुढं पोचवतो.

लहानपणी मला हा वाद हास्यास्पद वाटायचा. कॉलेजात असताना तर मी अब्बांपुढं त्याची टिंगल केली होती. अब्बा म्हणाले होते, "हसू नकोस. मी रोज तार जोडतो, मलाही नक्की सांगता येत नाही." आज मला त्यांचं म्हणणं पटतं. इमामाच्या तोंडासमोर हललेली हवा माईकच्या पडद्यापाशी संपते. तारेतून जाते ती वीज. कर्ण्यातून निघते ती दुसरीच हवा. मग पोचतं काय? पोचतो तो आकार. लाटेचा आकार हवेतून विजेत आणि विजेतून पुन्हा हवेत उतरतो. तो आकार अबाधित राहिला तर आवाज तोच, असं मुफ्तीसाहेबांच्या निकालाचं सार मी माझ्या भाषेत मांडीन. त्या हिशेबानं अब्बांच्या कर्ण्यातली अजान मुअज्जिनचीच. पण फिल्टरनं आकारच बदलला तर? आणि एन्व्हलप फॉलोअरनं आकार टाकून नुसता चढउतार ठेवला तर? जुन्या उलेमांनी विचारलेला प्रश्न मॉड्युलरच्या प्रत्येक केबलला विचारता येतो.

भारतात मॉड्युलर आलं ते 1969 मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. डेव्हिड टुडर या अमेरिकन संगीतकारानं तिथं मूगचा सिंथेसायझर आणि टेप यंत्रांचा स्टुडिओ उभारला. यामागं गीता साराभाई होत्या. त्या पखवाज शिकलेल्या. 1946 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी जॉन केजकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले आणि बदल्यात त्याला हिंदुस्थानी संगीत शिकवलं. अहमदाबादच्या या स्टुडिओत 1972 पर्यंत त्यांच्याबरोबर आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. मग टेपा कपाटात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानं त्या शोधून काढल्या आणि 2023 मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. टुडर यांच्या एका रचनेचं नावच टेप आणि मूग यांच्या जोडणीवरून आहे. माथुर यांच्या एका रचनेचं नाव 'वन्स आय प्लेड अ तानपुरा', म्हणजे 'एकेकाळी मी तंबोरा वाजवायचो'. या नावापाशी मी थबकलो. नव्या पेटीसमोर बसलेल्या माणसाला जुन्या वाद्याची आठवण यावी, यात मला त्या सगळ्या प्रयोगाची खरी ओढ दिसते. बाहेरून आत आणायची गोष्ट दरवेळी तारेनंच येते असं नाही.

पुढची हकिगत पाश्चात्त्य देशांत आणि जपानमध्ये घडली आणि ती थोडक्यात सांगता येते. लंडनच्या ईएमएस कंपनीच्या 1969 च्या व्हीसीएस-3 या छोट्या सिंथेसायझरला बाहेरच्या आवाजासाठी दोन वाटा होत्या. रॉक्सी म्युझिक या बँडमध्ये ब्रायन ईनो स्वतः फारसं काही वाजवत नसत. सोबत्यांची गिटार आणि सॅक्सोफोन या यंत्रातून घेऊन बदलत असत. 1978 मध्ये कोर्गनं एमएस-20 काढला. त्यात बाहेरच्या आवाजासाठी वेगळा विभागच होता. गिटार किंवा माईक जोडला की तो चढउतारही काढायचा, खटकाही द्यायचा आणि सूर कुठला आहे ते ओळखून पेटीला तो वाजवायला सांगायचा. मात्र एका वेळी एकच सूर हवा. दोन माणसं एकत्र गाऊ लागली की तो गोंधळायचा. भाच्याच्या पेटीतलं तसलंच मॉड्युल अम्मीच्या कॅसेटला असंच भांबावलं होतं. एका आवाजावर दहा बायकांचे आवाज, टाळ्या, मधेच कुणाचं तरी हसू. यंत्राला एकटा माणूस कळतो, हळदीचा मांडव कळत नाही.

ईनोच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांचा आवाज तो बदलत होता ते त्याच मंचावर शेजारी उभे होते. नको म्हणू शकत होते. एल्काइंड यांनीही आपला आवाज जाणूनबुजून दिला होता. कैरोच्या बायकांना ती संधी मिळाली नाही. अम्मीलाही ती नव्हती.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पण मामू, नानीला विचारणार कसं?" मी म्हटलं, कॅसेटवर नानी एकटी नाही.

खाला मिरजेला राहते. सतारमेकरांच्या वस्तीपासून जवळच. वय ऐंशीच्या पुढं, कान मात्र शाबूत. आम्ही तिघं, बहीणही, एका रविवारी तिच्याकडे गेलो. भाच्यानं छोटी पेटी बरोबर घेतली होती. आधी कॅसेट जशी आहे तशी लावली. खाला डोळे मिटून ऐकत राहिली, मधेच एका बाईचं नाव घेऊन म्हणाली, ही बेसूर गातेय, तेव्हाही सांगितलं होतं. मग भाच्यानं तिला फिल्टरमधून गेलेला आवाज ऐकवला आणि सगळं समजावून सांगितलं. काय घेतो, काय टाकतो, शेवटी काय उरतं.

खालानं बराच विचार केला. मग म्हणाली, "माझा आवाज घे. माझी ना नाही. तुझ्या नानीचं गाणं मात्र असंच राहू दे, तिला विचारायला ती नाही. पण ढोलकचा ठेका घे. तो आम्ही सगळ्यांनी मिळून धरला होता."

तिला एन्व्हलप फॉलोअर ठाऊक नव्हता. पण दोन वाटांमधला फरक तिला माझ्यापेक्षा लवकर कळला.

कॅसेटच्या सुरुवातीला गाणं सुरू होण्याआधी अर्धा मिनिट नुसती ढोलक आणि टाळ्या आहेत. भाच्यानं तेवढाच भाग घेतला. प्रीअँपनं ताकद दिली, फिल्टरनं ढोलकच्या डाव्या बाजूचा घुमा वेगळा काढला आणि तो एन्व्हलप फॉलोअरमध्ये सोडला. ढोलक ऐकू येईनाशी झाली. तिच्या जागी पेटीतला एक साधा, गोल सूर उठू-बसू लागला. प्रत्येक थापेला उठायचा, ओसरला की बसायचा. त्यात कुणाचा आवाज नव्हता, शब्द नव्हता.

बहीण यावेळी उठून गेली नाही. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "तिसरी थाप जरा मागं पडतेय. अम्मीची तशीच पडायची."

खालानं मान हलवली आणि चहा टाकायला सांगितलं.